सपाटीवरचे दार

मेजरांनी दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि मग दाराकडे पाहायचे सोडून ते खाली वाकून मागच्या चाकाखालची जमीन पाहू लागले. आमच्या भागात सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला, त्याचा हुद्दा काहीही असो, मेजरच म्हणतात. हे मेजर उमेदीची सगळी वर्षे सैन्याचे ट्रक चालवून आता औसा तालुक्यातल्या आपल्या गावी शेती करतात, आणि आमच्या शक्तिमानचे, म्हणजे सैन्यातल्या एका जुन्या ट्रकचे, काम कुठवर आले ते पाहायला मुद्दाम लातूरला आले होते. उजव्या बाजूचे दार त्याच आठवड्यात बसून झाले होते. चारही बाजूंची फट एकसारखी होती, करंगळीने ढकलले तरी दार फिरत होते आणि मिटताना एकच भरीव आवाज येत होता. ज्यांनी ते बसवले त्या, गाड्यांचे पत्रे सरळ करणाऱ्या डेंटर चाचांना आणि मलाही, मेजरांच्या तोंडून दोन शब्द ऐकायचे होते. मेजर उभे राहिले, गुडघ्यावरची माती झटकली आणि म्हणाले, "चांगलं बसलंय. पण हे सपाटीवर बसलंय. एका चाकाखाली दगड घालून उघडून पाहिलं का?"

आम्ही पाहिले नव्हते. मेजर चहा घेऊन निघून गेले, आणि त्यांचा तो प्रश्न मात्र माझ्या मनातून काही केल्या जाईना.

हा ट्रक माझ्या थोरल्या चुलतभावाने घेतला. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात १९५९ पासून शक्तिमान बनू लागले, पुढे त्यांच्यासाठी वाहन कारखाना उभा राहिला आणि १९९६ पर्यंत ते बनत राहिले. सैन्यातून निकाली काढलेल्या अशा गाड्या लिलावात जायच्या आणि मग देशभर कुठेकुठे, कसल्याकसल्या कामाला लागायच्या. आमच्याकडे त्यांच्यावर बोअरची यंत्रे चढली, उसाची वाढी वाहिली गेली, टंचाईच्या वर्षांत पाण्याच्या टाक्या बसल्या. आमचा ट्रक अनेक हात फिरून एका शेताच्या बांधाला टेकून उभा होता, आणि त्याच्या केबिनीत कोंबड्यांनी बस्तान मांडले होते. इंजिन, गिअरपेटी, ब्रेक यांची कामे अवघड होती, पण ती सरळ होती. भाग झिजला असेल तर तो बदलायचा किंवा नवा करून घ्यायचा, एवढाच त्यात प्रश्न असतो. दारांचे तसे नव्हते. दोन्ही दारे जागेवर होती, दोन्ही उघडत होती, आणि तरीही दोन्ही त्या ट्रकची वाटत नव्हती. रंग खरवडताना उजव्या दारावर हिरव्याखाली हिरवाच रंग निघाला. डाव्या दारावर मात्र हिरव्याखाली वाळूचा पिवळसर थर लागला, जो बाकीच्या ट्रकवर कुठेही नव्हता. ते दार वाळवंटात वावरलेल्या दुसऱ्या एखाद्या गाडीचे असावे. सैन्यात गाडी थांबून चालत नाही; एकीचे दार दुसरीला लावायचे आणि पुढे निघायचे. ते दार हातात धरले की मला नेहमी थोडे थांबावेसे वाटे.

चाचांचे वय सत्तरीकडे झुकलेले आहे. त्यांचे पत्र्याचे शेड औसा रोडला आत आहे, आणि त्यांच्या बोलण्यात मराठी व दखनी इतकी मिसळलेली आहे की एक वाक्य कुठे संपून दुसरी भाषा कुठे सुरू होते ते सांगता येऊ नये. दार बसवण्याची त्यांची एक ठरलेली रीत आहे आणि ती पाहताना मला पहिल्यांदा कळले की दार बसवणे म्हणजे दाराला हात लावण्याआधीचे काम. त्यांनी प्रथम दार काढून बाजूला ठेवले आणि रिकाम्या चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरली. मग तीच सुतळी दुसऱ्या कर्णावर धरली. दोन्ही कर्ण सारखे भरले नाहीत तर चौकट कललेली आहे, आणि कललेल्या चौकटीत काटकोनातले दार कधीही नीट बसणार नाही. आमच्या चौकटीचे कर्ण जुळत नव्हते. चाचांनी आखूड कर्णावर लाकडी ठोकळे ठेवले, त्यांच्यामध्ये जॅक बसवला आणि थोडा थोडा दाब देत, प्रत्येक वेळी जॅक सोडून पत्रा किती मागे येतो ते पाहत, चौकट हव्या त्या मापाच्या किंचित पलीकडे नेली. दाब काढल्यावर ती परत येऊन नेमकी थांबली. हे त्यांनी कुठे शिकून घेतले असे विचारल्यावर त्यांनी फक्त हात दाखवले.

मग बिजागऱ्या. दार खाली उतरले की लोक दार वाकले म्हणतात, पण बहुतेक वेळा झिजलेली असते ती बिजागरीची पिन, आणि तिच्याहूनही जास्त झिजलेले असते ते पिनीचे भोक. आमच्या वरच्या बिजागरीचे भोक गोल राहिलेलेच नव्हते. वर्षानुवर्षे दाराचे ओझे एकाच बाजूला पडून ते अंड्यासारखे लांबट झाले होते. हा खेळ दिसायला अगदी थोडा असतो. परंतु दोन बिजागऱ्यांमधले अंतर दाराच्या रुंदीच्या निम्मे असेल, तर बिजागरीशी आलेला एक मिलिमीटरचा खेळ कुलपाकडच्या कडेला दोन मिलिमीटर होऊन उतरतो. भोके मोठी करून त्यांत लेथवर केलेले पितळी बुश, म्हणजे पोकळ नळ्या, ठोकले, नव्या पिना घातल्या, आणि दार पहिल्यांदा टांगले तेव्हा चाचांनी कुलपाचा खिट्टा चौकटीवरून काढून टाकला होता. मी कारण विचारले. ते म्हणाले, "सर, दार झूठ नाही बोलत. लॉक झूठ बोलतं." खिट्टा जागेवर असला की मिटताना तो उतरलेल्या दाराला उचलून धरतो, कड जुळल्यासारखी दिसते आणि दोष झाकला जातो. खिट्टा काढला की दार आपल्या वजनाने जिथे लटकायचे तिथेच लटकते. ज्या दारांना काच आणि ती वरखाली करायचे यंत्र असते, ती तर आत भरूनच तपासावी लागतात, कारण ते सगळे वजन बिजागरीवरच येते; रिकामे दार छान बसवून नंतर काच घातली की मागची कड पुन्हा खाली येते.

दार टांगल्यावरचे काम मला सर्वांत आवडले. मागची कड खाली असेल तर सगळे दार वर उचलायचे नाही. खालच्या बिजागरीच्या मागे पत्र्याची पातळ चकती सरकवायची, म्हणजे दाराचा खालचा भाग खांबापासून दूर सरकतो आणि मागची कड वर येते. चाचा या चकत्या जुन्या डब्यांच्या पत्र्यातून कातरतात, आणि त्यांच्या खिशात वेगवेगळ्या जाडीच्या चकत्यांची एक पुडी कायम असते. फट मोजायला त्यांच्याकडे आगकाड्या. दोन आगकाड्या एकत्र धरून फटीतून वरून खाली ओढायच्या. जिथे अडतात तिथे खडूची खूण, जिथे सैल पडतात तिथे दुसरी. रंगासाठीही जागा ठेवावी लागते, कारण प्रायमर, लांबी म्हणजे पुट्टी आणि रंग दाराच्या कडेवरही चढतात आणि चौकटीच्या कडेवरही. शेवटी दाराचा खालचा कोपरा आत जात होता आणि वरचा बाहेर राहत होता. तेव्हा चाचांनी खालच्या कोपऱ्यात दार आणि चौकट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा धरला, वरच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि अंगाचे वजन टाकून एकदाच दाबले. पत्र्यातून खोल, कण्हल्यासारखा आवाज आला. ठोकळा काढला आणि दार मिटले, तर वरचा आणि खालचा दोन्ही कोपरे पत्र्याच्या पातळीत होते. इतक्या मोठ्या जिनसेला इतक्या थोड्या जोरात सरळ करता येते, याचे मला फार अप्रूप वाटले.

आणि एवढे सगळे झाल्यावर मेजर म्हणाले, की हे सपाटीवरचे दार आहे.

त्या रात्री मला आमच्या घराचे मागचे दार आठवत राहिले. लातूरच्या ज्या वस्तीत आम्ही राहतो ती काळ्या जमिनीवर उभी आहे, आणि ही काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात त्या कुठे होत्या ते सांगता येत नाही. पाया तेवढा खोल नसेल तर घरही तिच्याबरोबर थोडे उठते, थोडे बसते. आमचे मागचे दार दर पावसाळ्यात वरच्या कोपऱ्यात अडते. गावाकडचे आमचे सुतार पावसाळ्यात दार तासायला साफ नकार देत. आता तासले तर उन्हाळ्यात बोटभर फट दिसेल आणि तुम्ही मलाच नावे ठेवाल, असे ते म्हणत. नवीन दार बसवताना मात्र ते चौकटीत आधीच थोडी सैल जागा ठेवून जात, आणि घरातली माणसे ती फट पाहून कुरकुरत. मीही लहानपणी त्या फटीतून येणाऱ्या थंडीबद्दल कुरकुरलेलो आहे. त्या फटीला काही काम आहे हे मला ट्रकच्या दाराशी उभे राहिल्यावर कळले, आणि ज्यांनी ती ठेवली होती ते सुतार तोवर गेलेले होते.

दाराचा विचार करताना आमच्या भागातल्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ टाळता येत नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. आमचे गाव किल्लारीपासून दूर होते म्हणून वाचले. तिकडे, आणि पलीकडे सास्तूर भागात, दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदावरचा मातीचा थर झोपलेल्या माणसांवर आला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्या घरात भिंतींना तडे गेले, एवढेच. पण मला आठवते ते दार. वडिलांनी कडी काढली होती आणि दार उघडत नव्हते. कडी निघाली आहे, अडसर नाही, सागवानी फळ्या जशाच्या तशा आहेत, आणि दार उघडत नाही, कारण चौकटीचे दोन कोपरे एकमेकांकडे सरकले आहेत. वडिलांनी खांदा लावला, मग काकांनी लावला, आणि ते दार जेव्हा निघाले तेव्हा वरच्या कोपऱ्यातून ढलपी उडून माझ्या पायाशी पडली. त्यानंतर कितीतरी रात्री गाव अंगणात आणि रस्त्यावर झोपले. औशाकडून किल्लारीकडे सैन्याचे ट्रक जाताना आम्ही पोरे रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहत असू. मोठी माणसे त्या ट्रककडे पाहून हात जोडत. शक्तिमान हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. मेजरांना मी एकदा विचारले होते की त्या वेळी तुम्ही इकडे होता का. ते तेव्हा ईशान्येकडच्या डोंगरात होते. आपल्या तालुक्याची बातमी त्यांना तिथे रेडिओवर कळली, आणि घरचा निरोप पोचेपर्यंतचे दिवस कसे गेले याविषयी ते काही बोलत नाहीत.

दोन दिवसांनी मी बाभळीचा एक जाड ओंडका घेऊन शेडवर गेलो. चाचांना ते आवडले नाही. त्यांनी आयुष्यभर गाड्या सपाट फरशीवर ठेवून, त्यांच्या फटी डोळ्यांनी आणि आगकाडीने जुळवून नाव मिळवले होते, आणि गाडी मुद्दाम वाकडी उभी करून त्या कामाची परीक्षा घ्यायची हे त्यांना अपमानासारखे वाटले असले तर ते मी समजू शकतो. तरी जॅक त्यांनीच लावला. पुढचे डावे चाक उचलून ओंडक्यावर ठेवले, जॅक काढला, आणि सगळा ट्रक हलकेच कुरकुरत आपल्या जागी बसला. अशा ट्रकची चेसी म्हणजे दोन लांब पन्हाळी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. ती खालीवर वाकू नये इतकी ताठ असते, पण पीळ मात्र तिला पडू दिलेला असतो, कारण नांगरटीत किंवा नाल्यात एक चाक वर चढले तरी बाकीची चाके जमीन सोडता कामा नयेत. हा पीळ केबिनीपर्यंत जसाच्या तसा पोचू नये म्हणून केबीन रबराच्या बैठकीवर ठेवतात. मी उजव्या दाराच्या फटीवरून आगकाड्या ओढल्या. खाली त्या सैल पडल्या. मागच्या कडेने वर सरकत गेल्या आणि वरच्या कोपऱ्यात थांबल्या. मग एकच काडी घातली, तीही जाईना. दार उघडायला कडीबरोबर खांद्याचा धक्का द्यावा लागला, आणि उघडल्यावर त्या कोपऱ्यात नव्या प्रायमरवर नखाएवढा चमकता पत्रा दिसला.

खांद्याला बसलेला तो धक्का माझ्या ओळखीचा होता.

कारण शोधायला वेळ लागला नाही. चाचाच ट्रकखाली गेले आणि टॉर्च मारून त्यांनी मला हाक मारली. केबिनीच्या मागच्या बैठकीतले रबर कोणे एके काळी विरघळून गेले असावे, आणि आधीच्या कोणा मालकाने त्या जागी लोखंडी पट्ट्या घालून बोल्ट आवळून टाकले होते. त्यामुळे चेसीचा सगळा पीळ सरळ केबिनीत आणि केबिनीतून दाराच्या चौकटीत जात होता. सपाट फरशीवर हे कधीच दिसले नसते. पट्ट्या काढल्या आणि साखर कारखान्याच्या वाहक पट्ट्याचे जाड, कापडाचे थर असलेले रबर कापून तिथे बसवले. ओंडका पुन्हा चाकाखाली गेला. आता वरच्या कोपऱ्यात एक काडी जात होती. दुसरी अजून नाही. उरलेली जागा फटीतूनच काढायची होती, म्हणजे सपाटीवर जुळलेली ती फट आम्हाला हाताने बिघडवायची होती.

तिथे आमचा खरा वाद झाला, आणि तो मला आजही पूर्णपणे एका बाजूने सोडवता येत नाही. चाचांचे म्हणणे असे की हा ट्रक आता कुठल्या नाल्यात जाणार आहे? तो उभा राहील, लोक त्याच्याभोवती फिरतील आणि सगळ्यांत आधी दाराची फट पाहतील. वर रुंद आणि खाली अरुंद फट दिसली तर ते म्हणतील की म्हाताऱ्याची नजर गेली. हे खरे आहे. जुन्या गाड्या नव्या करणारी माणसे एकमेकांचे काम अशीच पाहतात. माझे म्हणणे असे होते की ज्या गाडीची दारे रानात एकीची काढून दुसरीला लावली जात, ती गाडी कारखान्यातूनही आरशासारखी जुळवून निघत नसणार, आणि तिला आज तिच्या जन्मापेक्षा देखणी करणे म्हणजे ती कशासाठी होती हे पुसून टाकणे आहे. चुलतभावाला वेगळीच घाई होती. त्याला १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला, ट्रक गावात न्यायचा होता. घरातल्या एकाने तर त्यावर १९४८ हा आकडा रंगवावा असेही सुचवले होते. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूने निजामाविरुद्ध भारतीय फौजा नळदुर्गाकडे आल्या तेव्हा शक्तिमान जन्मालाही आलेला नव्हता, हे सांगून मी तो बेत मोडला. ज्या ट्रकने किल्लारीचा रस्ता पाहिला त्या जातीच्या ट्रकला उसन्या तारखेची गरज नाही, असे मला मनापासून वाटते. दाराच्या बाबतीत शेवटी चाचाच मला अनपेक्षित अशा वाटेने तयार झाले. मेजर पुन्हा एकदा आले, त्यांनी ओंडक्यावर चढलेला ट्रक पाहिला, दार धक्का देऊन उघडले आणि चाचांना एवढेच विचारले, की आत माणूस जखमी असला तर त्याने धक्का कुठून द्यायचा? चाचांनी उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा कानस त्यांच्या हातात होती.

त्यांनी दाराचा वरचा कोपरा हातानेच उतरवला. खालच्या बिजागरीमागची एक चकती पातळ केली, कोपऱ्याची दुमडलेली कड तापवून आत घेतली आणि कानशीने तिला असा हलका कल दिला की तो नजरेला एकदम कळू नये. सपाटीवर आता वरच्या मागच्या कोपऱ्यात तीन काड्या जातात आणि बाकी सगळीकडे दोन. ओंडक्यावर तिथे दोन काड्या जातात, दार एका बोटाने उघडते आणि आपल्या वजनाने मिटते. चाचा अजूनही कोणी आले की स्वतःहून त्या कोपऱ्याशी उभे राहतात आणि समोरच्याची नजर तिथे जाण्याआधी तो तसा का आहे ते सांगू लागतात; त्यांच्या आवाजात थोडी सबब असते आणि थोडा अभिमान असतो, आणि कोणता किती हे मला अजून कळलेले नाही.

१७ सप्टेंबरला ट्रक गावात गेला नाही, कारण डावे दार व्हायचे होते. वाळूच्या थराचे ते दार या चौकटीला मागच्या कडेने किंचित मोठे आहे. चाचांच्या मते ते कापून बेतावे. चुलतभावाच्या मते भंगारात दुसरे शोधावे. ते कापायचे नाही आणि टाकायचेही नाही, एवढे आता तिघांच्या संमतीने ठरले आहे. म्हणजे जागा चौकटीकडून काढावी लागेल, आणि त्यासाठी केबिनीचे नुकतेच आवळलेले मागचे दोन्ही बोल्ट पुन्हा सैल करावे लागतील.